हिरण्यकेशीच्या उलट्या वाटेनें

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. हिरण्यकेशीच्या बाबतींत हीं दोन्ही एकाच नांवांत येऊन बसलीं आहेत. कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेंत हिरण्यकेशी सूत्र आहे. तें सूत्र सांगणारीं घराणीं कोंकणांत व घाटावर पुष्कळ आहेत, आणि आमच्या चौघांतील वकील त्यांपैकींच एका घराण्यांतले. अभिवादनांत सूत्राचा उच्चार करतां करतां त्यांची जीभ झिजली. पण त्याच नांवाची एक नदी सावंतवाडी तालुक्यांत आंबोलीनजीक एका गुहेंतून निघते, हें त्यांना चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतें. नदीचें नांव पार्वतीवरून पडलें असें तिकडील लोक सांगतात, आणि सूत्राचें नांव ऋषीवरून. तेव्हां नात्यागोत्याचा संबंध कांहीं निघत नाहीं. तरी पण आपल्या नांवाची नदी एकदां पाहून यावी, असें त्यांनीं मनावर घेतलें, आणि श्रावणांतल्या एका रविवारीं आम्ही चौघे दोन मोटार-सायकलींवरून कोल्हापुराहून निघालों.

मोटार-सायकलीचा बेत घरांतील वडील मंडळींना पसंत नव्हता, हें सांगावयास नकोच. पावसाळ्यांत घाट, घाटांत धुकें, आणि त्यांत दोन चाकांवरचा भरंवसा काय? यावर रात्रीच्या पानाला घरीं हजर राहूं, पाण्यांत पाय घालणार नाहीं व वेग आवरून धरूं, अशीं तीन वचनें देऊन सुटका करून घ्यावी लागली. एका घरून दशम्या, तिळाची चटणी व लिंबाचें लोणचें आलें; दुसऱ्या घरून तांब्याची गडू आली, ती येतांना उगमाच्या तीर्थानें भरून आणावयाची होती. मोटारींतून प्रवास करणाऱ्यास सृष्टि कांचेपलीकडून दिसते. मोटार-सायकलीवर ती अंगावर येते. उंसाच्या मळ्याचा, गुऱ्हाळाच्या राखेचा, ओल्या मातीचा, भात लावलेल्या खाचरांचा असा वास पालटत जातो, आणि त्या वासावरून आपण कोणत्या मुलखांत आहों हें डोळे मिटून ओळखतां येतें. अर्थात् गाडी चालविणाऱ्यानें डोळे मिटूं नयेत.

कोल्हापुराहून आंबोलीस जाण्याच्या वाटा दोन. निपाणीवरून उत्तूरमार्गें आजरा गांठून पुढें जावें, ही जवळची. दुसरी वाट हमरस्त्यानें संकेश्वरापर्यंत जाते, तेथें पश्चिमेस वळते आणि गडहिंग्लज, आजरा करीत घाटमाथ्यावर चढते. ही सुमारें १३० किलोमीटरांची. घाईचा मनुष्य पहिली वाट धरील. आम्हीं जातांना मुद्दाम दुसरी धरली, कारण तिला नदीची सोबत आहे. संकेश्वरास हिरण्यकेशी भेटते. तेथून ती जिकडून येते तिकडे आपण जात राहावें, म्हणजे मूळ शोधण्याचा अपराध यथासांग घडतो.

कागल सोडल्यावर दूधगंगा लागते आणि निपाणीच्या अलीकडे यमगर्णीस वेदगंगा. हमरस्त्यानें धांवणाऱ्या माणसास या नद्या म्हणजे पुलाच्या कठड्यावरची एक पाटी, एवढ्याच ठाऊक असतात. पण २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत याच वेदगंगेनें यमगर्णीजवळ हमरस्ता आपल्या पोटांत घेतला आणि पुणें-बंगळूर वाहतूक बंद पाडली. निपाणीकडे त्या दिवसांत कांहीं आभाळ कोसळलें नव्हतें. तो पाऊस वर, सह्याद्रीच्या कुशींत, पडला होता. खालच्या माणसास तो दुसऱ्याच्या घरचा वाटला, आणि मग दारांत आला. ही गोष्ट आम्हीं बोलतां बोलतां सहज काढली. दिवस मावळेपर्यंत ती आमच्या मानगुटीवरून उतरली नाहीं.

तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरास उतरलों. शंकराचार्यांच्या पीठामुळें हें गांव आपल्या लोकांना परिचित आहे. नदी येथें पोक्त दिसते. पाणी तांबडें, गढूळ, भरलेलें, पण आवाज नाहीं. येथून पुढें ती घटप्रभेला मिळते. घटप्रभा गोकाकला ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून उडी घेते, आणि त्या उडीच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत तेथें कापडाची गिरणी उभी राहिली. मग कृष्णा, मग तेलुगु मुलूख, आणि शेवटीं हंसलदीवीजवळ पूर्वसमुद्र. आम्हांला त्याच्या उलट जावयाचें होतें. वकीलांनीं पुलावर गाडी थांबवून आपल्या नांवाच्या नदीस नमस्कार केला. आमच्यांतील शिक्षकांनीं, नमस्कार उगमाशीं करावा, येथें गांवाचें सांडपाणीहि आहे, अशी सूचना केली. ती शास्त्रदृष्ट्या बरोबर असली तरी त्या वेळीं कोणास रुचली नाहीं.

गडहिंग्लजला चहा घेतला. जवळच सामानगड आहे. १८४४ सालीं तेथील गडकऱ्यांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. तो गड पाहण्यास एक सबंध दिवस पाहिजे, म्हणून त्याला लांबूनच रामराम केला. यापुढें मुलूख पालटूं लागतो. ऊंस विरळ होतो, खाचरें सुरू होतात, कौलें काळवंडतात, बांधावर काजू दिसूं लागतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ सुवासाबद्दल प्रसिद्ध आहे, आणि त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. पण पेजेसाठीं व वरणभातासाठीं तो ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या शिजत आला, त्यांना त्या मानांकनाची कांहीं गरज नव्हती.

आजऱ्यानजीक रामतीर्थ आहे. वनवासांत श्रीरामचंद्र येथें राहिले होते अशी समजूत आहे. अशी समजूत नसलेलें रम्य नदीतीर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. पण स्थान खरेंच सुंदर आहे. देऊळ, दाट झाडी, आणि खडकाळ पात्रांतून हिरण्यकेशी पांढरी होऊन खालीं उतरते. संकेश्वरास जिचा आवाज नव्हता, ती येथें बोलूं लागलेली असते. आम्ही पोहोंचलों तेव्हां नऊ वाजले होते. आजऱ्यावर स्वच्छ ऊन पडलें होतें. श्रावणांत पडतें तसें, धुतलेलें.

पात्राच्या कडेस एक मोठा सपाट खडक होता. त्यावर एक कुटुंब उतरलें होतें: नवराबायको, एक म्हातारी, आणि तीन मुलें. धाकटें चारएक वर्षांचें असेल. मुलें पाण्यांत पाय सोडून बसलीं होतीं, म्हातारी डोळे मिटून अर्घ्य देत होती, आणि गृहस्थ मोबाइलवर सर्वांचें चित्र घेण्यासाठीं एकेक पाऊल मागें सरत होते. इतक्यांत देवळाकडून एक वृद्ध मनुष्य खालीं आला. धोतर, खांद्यावर घोंगडें, हातांत झाडू. तेथील गुरव असावा. तो खडकाच्या अलीकडे उभा राहून म्हणाला, "पाव्हनं, पोरांस्नी वर घ्या."

"अहो बाबा, पाणी गुडघाभर तर आहे! आणि ऊन पडलंय!"

"गुडघाभर हाय ते आत्ताचं. वर आंबोलीला रातभर लागून राहिलाय. त्येचं पानी अजून यायचंय."

गृहस्थांना हें पटलें नसावें. शहरांतल्या माणसास, आपल्या डोक्यावर ऊन असतांना आपल्या पायाशीं पूर येऊं शकतो, ही गोष्ट सहजासहजीं पटत नाहीं. म्हाताऱ्यानें वाद घातला नाहीं. त्यानें एक मुठीएवढा दगड उचलून अगदीं पाण्याच्या कांठाला, पण कोरड्यांत, ठेवला आणि म्हणाला, "ह्यो भिजला की निघा, मग तर झालं?" आम्हीहि पाहत उभे राहिलों. पाण्यावरून पाचोळा येत होता, आधीं एखाददुसरें पान, मग पुंजके. मधून फेंसाचे गोळे फिरत येत. पाण्याचा रंग दुधाळ होता तो चहासारखा झाला. दहाबारा मिनिटांत तो दगड भिजला, आणि त्यानंतर थोड्याच वेळांत तो दिसेनासा झाला. तोंपर्यंत म्हातारी उठली होती. तिनें धाकट्याचा दंड घट्ट धरला आणि मुलाला, म्हणजे त्या गृहस्थांना, "चल रे वर" एवढेंच म्हटलें. गृहस्थ थोडे रागावलेलेच होते. पण आईच्या शब्दाबाहेर जाण्याची ती वेळ नव्हती. सर्व जण वर आले.

आमचे शिक्षक पदार्थविज्ञान शिकवितात. पूरमापनाचें याहून स्वस्त व बिनचूक यंत्र आपण पाहिलें नाहीं, असें ते पुढें वाटेंत दोनदां म्हणाले.

आजऱ्यापासून आंबोली पस्तीसेक किलोमीटर. वाटेंत रान दाट होतें. गेल्या वीसेक वर्षांत या बाजूला कर्नाटकाकडून रानटी हत्ती येऊं लागले आहेत. शेतकऱ्यांच्या भाताचें व केळींचें नुकसान करतात. आम्हांला तो गजराज दिसला नाहीं, आणि दोन चाकांवरून त्याचें दर्शन घ्यावें अशी इच्छाहि नव्हती. अर्ध्या वाटेवर ऊन संपलें. संपलें म्हणजे हळूहळू मावळलें नव्हे; एका वळणाच्या अलीकडे ऊन होतें व पलीकडे पाऊस. तो असा कीं हेल्मेटाच्या कांचेवर खडे मारल्यासारखा आवाज होई, आणि पुढच्या गाडीचा तांबडा दिवा एवढीच काय ती दृश्य सृष्टि उरे. वेग आवरण्याचें वचन पाळणें आम्हांला मुळींच जड गेलें नाहीं. कोल्हापुरास वर्षाकाठीं चाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीस सरासरीनें पावणेतीनशें इंचांच्या घरांत. हे आंकडे पुस्तकांत वाचावे तेव्हां नुसते आंकडे असतात. त्या दोन आंकड्यांमधील वाट मोटार-सायकलीनें तीन-चार तासांत कापली म्हणजे ते हाडांत शिरतात.

आंबोलीचें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. इंग्रजी अमदानींत बेळगांवच्या लष्करी छावणीला लागणारें सामान वेंगुर्ल्याच्या बंदरांत उतरे आणि या घाटानें वर येई. गांवाला महत्त्व आलें तें त्या रहदारीमुळें. हिरण्यकेशीचा उगम गांवापासून थोडा आंत आहे. गाड्या ठेवून पायवाटेनें गेलें कीं झाडीच्या आड देऊळ लागतें. देवळाशीं गुहा, आणि गुहेच्या काळोखांतून पाणी बाहेर येऊन कुंडांत पडतें. संकेश्वराचें तें तांबडें रुंद पात्र ज्यांनीं सकाळीं पाहिलें, त्यांना हें पाणी पाहून क्षणभर बोलवत नाहीं. एवढ्याशा जागेंतून! आणि किती थंड! वकील बराच वेळ कुंडाशीं उभे होते. त्यांना काय वाटलें तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीहि विचारलें नाहीं. त्यांनीं गडू भरून घेतली, झांकण घट्ट लावलें आणि ती उपरण्यांत गुंडाळून पिशवींत उभी ठेवली.

या कुंडांत एक लहानसा मासा राहतो. तळाच्या दगडगोट्यांशीं वावरणारा, दोन इंचांहूनहि आखूड. २०२० सालीं संशोधकांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें तेव्हां ती जात शास्त्राला नवी ठरली, आणि तिचें नांव ठेवलें 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. नदी, सूत्र आणि मासा, असे तीन हिरण्यकेशी झाले; चौथे आमच्याबरोबर होतेच. पुढच्याच वर्षीं, २०२१ सालीं, महाराष्ट्र सरकारनें ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शिक्षकांचें म्हणणें असें पडलें कीं, देवाचें पाणी म्हणून कोणी त्यांत हात घातला नाहीं, म्हणूनच हा मासा आपल्या काळापर्यंत येऊन पोहोंचला. यावर, देवाचें म्हणूनच कित्येक तळीं निर्माल्यानें कुजलीं, हेंहि वकीलांनीं दाखवून दिलें. दोघांचेंहि खरें आहे. आंबोलीच्या सड्यावर एक भेकहि असाच केवळ या बाजूचा म्हणून प्रसिद्ध आहे; अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या त्या भेकाचें शास्त्रीय वर्णन २००९ मध्यें झालें. पहिल्या पावसांत सड्यावर सांचणाऱ्या उथळ डबक्यांत त्याचा संसार चालतो, आणि रस्त्यावर आला कीं आमच्यासारख्यांच्या चाकांखालीं संपतो.

देवळाच्या ओसरीवर दशम्या सोडल्या. जेवतांना लक्षांत आलें कीं आपण पाणलोटाच्या कण्यावर बसलों आहों. येथें पडलेला थेंब पूर्वेस ओघळला तर शेंकडों मैल देश हिंडून बंगालच्या उपसागरास मिळावयाचा. थोडें पश्चिमेस सरकून पडला तर कड्यावरून कोंकणांत, आणि सरळ रेषेंत चाळीसेक किलोमीटरांवर अरबी समुद्र. आंबोलीचा प्रसिद्ध धबधबा दुसऱ्या जातीचा. घाटरस्त्याच्या कांठाशींच तो कोसळतो, त्याच्याकडे जाण्यास पायऱ्या आहेत, आणि रविवारीं त्या पायऱ्यांवर मनुष्याला मनुष्याखेरीज कांहीं दिसत नाहीं. भाजलेलीं कणसें, वडे, चहा, कर्णे, मद्याचा दर्प, आणि पाण्याखालीं उभे राहून ओरडणारी तरुण पिढी. आनंद करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पावसांत भिजावें ही वासना आम्हांलाहि आहे. पण रामतीर्थाचा तो दगड डोळ्यांपुढून जाईना. पायऱ्यांवरच्या कितीजणांना ठाऊक होतें कीं वर, कड्याच्या मागें, काय चाललें आहे?

३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत मुलें होतीं. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांस घट्ट धरून ते उभे होते, कांठावर माणसें होतीं, आणि कोणालाहि कांहीं करतां आलें नाहीं. तेंहि सहलीलाच आलेलें कुटुंब होतें. शिक्षकांनीं घाटाच्या कठड्याशीं उभें राहून आम्हांला हिशेब सांगितला: वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा लोट दुप्पट होत नाहीं, चौपट होतो, वेग तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून संथ पाण्यांत कमरेएवढ्या खोलींत निर्धास्त उभा राहणारा मनुष्य वेगाच्या पाण्यांत गुडघ्याएवढ्या खोलींतहि उभा राहूं शकत नाहीं. त्यांत पायाखालीं शेवाळलेला खडक. मुलांना तर घोट्याएवढेंहि पुरें होतें. हा हिशेब नववी-दहावींतल्या कोणाहि विद्यार्थ्यास समजण्यासारखा आहे, आणि सहलीला निघणाऱ्या प्रत्येक घरांत तो एकदां बोलला गेला तर बरें.

कावळेसादला गेलों. तेथें दरींतून येणारा वारा कड्यावरून पडणारें पाणी उलटें वर फेंकतो, अशी त्या स्थळाची ख्याति आहे. आम्हांला दिसलें तें फक्त पांढरें. पुढें पांढरें, खालीं पांढरें, कठड्यापलीकडे पांढरें. त्या पांढऱ्यांतून आपल्याच तोंडावर पाण्याचे सपकारे येत होते, त्यावरून वारा आपलें काम करीत आहे एवढें कळलें. तरीहि कांहीं मंडळी कठड्यावर चढून एकमेकांचीं चित्रें घेत होतीं. येथून पडून माणसें मेलेलीं आहेत.

नांगरतास मात्र मनसोक्त पाहिला. बेळगांवच्या रस्त्यावर आंबोलीपासून दहाएक किलोमीटरांवर हा धबधबा आहे. 'तास' म्हणजे नांगरानें पाडलेली रेघ. आणि खरेंच, कोण्या राक्षसी नांगरानें काळ्या कातळांत एक खोल अरुंद तास ओढावें व त्यांत सगळी नदी ओतावी, तसें तें दृश्य आहे. पाणी पसरत नाहीं, उधळत नाहीं. त्या चिरेंत घुसतें, आणि खालून नुसती गर्जना व वाफ वर येते. कठड्याला हात लावला तर लोखंड थरथरत असल्याचें जाणवतें. येथें उतरण्यास जागाच नाहीं, म्हणून येथें गर्दीहि नव्हती. धबधब्यापासून मनुष्यानें किती अंतरावर उभें राहावें याचा निर्णय निसर्गानेंच करून ठेवला आहे, आणि तेवढ्या अंतरावरून तो जितका मोठा दिसतो तितका पायऱ्या चढून अंगावर घेतलेला कोणताहि धबधबा दिसत नाहीं, असें आमचें मत झालें.

साडेतीनला परत फिरलों. येतांना उत्तूर-निपाणीची जवळची वाट धरावयाची असली तरी आजऱ्यापर्यंत रस्ता तोच. पाऊस आतां आंबोलीपुरता राहिला नव्हता. तो आमच्याबरोबर खालीं उतरत होता. सकाळचें ऊन जेथें संपलें होतें तें वळणहि ओळखूं आलें नाहीं. वचनाची वेळ गांठावयाची तर आजऱ्यास थांबण्यास फुरसत नव्हती. पण रामतीर्थाकडे वळावें असें चौघांनाहि एकदम वाटलें, आणि कोणी कोणास कारण विचारलें नाहीं.

सपाट खडक नव्हता. जेथें तो होता तेथें तांबड्या पाण्याचा एक जाड, गुळगुळीत फुगवटा वाहत होता, आणि त्याच्या खालच्या बाजूस पाणी उकळल्यासारखें उसळत होतें. सकाळच्या त्या म्हातारीची, कीं दुसऱ्या कोणाची, एक परडी झुडपांत अडकून लोंबकळत होती. देवळाच्या पायऱ्यांवर दोन गांवकरी उभे होते. गुरव बुवा खालच्या पायरीवर बसले होते. शेजारीं त्यांचा तो मोजमापाचा दगड, नवा. आम्हांला त्यांनीं ओळखलें.

"वर कसं हाय?"

दुपारपासून एकसारखा लागला आहे, कावळेसादला हात दिसत नव्हता, नांगरतास भरून चालला आहे, असें आम्हीं जें पाहिलें तें सांगितलें. त्यांनीं प्रत्येक गोष्ट नीट ऐकून घेतली. किती वाजतां, गांवांत कीं घाटांत, वारा कोणीकडचा, असे प्रश्न केले. मग झाडू पायरीला टेकवून उठले, आंत जाऊन समई आणि दोन घागरी उचलून वरच्या ओसरींत नेऊन ठेवल्या. परत येऊन कमरेचा मोबाइल काढला आणि गडहिंग्लजच्या बाजूला नदीकांठीं शेत असलेल्या मेव्हण्याला लावला. पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून ते ओरडत होते, "आंबोलीसनं मान्सं आल्यात, त्यांनी बघितलंय. न्हाई, उद्या न्हाई. पंपाची मोटर आत्ताच वर काढून घे."